किल्ली दादाच्या खिशात

सोमवार, ४ नोव्हेंबर

वहिनीनं ही वही दिली. म्हणाली, "भावजी, तुम्ही दिवसभर त्या कोटाशी बोलता. रस्त्यानं जाणारी माणसं वळून बघतात. त्यापेक्षा ह्यात लिहा." कोट दादाचा, कामावर घालायचा. दादा जाऊन नऊ महिने झाले, कोट गॅरेजच्या खिळ्यावरच आहे. काढायचा कुणी? मी नाही काढणार. वहिनी म्हणते, मीही नाही.

आणि बोलतो म्हणजे काय, मोठ्यानं विचार करतो. पन्नाशीतल्या सडाफटिंग माणसानं एवढंही करू नये का?

आज टापटीपकाकांची गाडी आली. काका आमचं जुनं गिऱ्हाईक, डिकीत कायम पाच प्रकारची पुसणी ठेवणारा माणूस, म्हणून दादानं ते नाव पाडलं होतं. काका मार्चमध्ये अपघातात गेले. चालवत होती त्यांची मुलगी, शाळेत शिकवते. तीच आज गाडी घेऊन आली. चष्मा, खांद्याला पिशवी, आवाज असा की मागच्या बाकापर्यंत जावा, पण आज तो पुढच्या बाकापर्यंतही येत नव्हता.

म्हणाल्या, "चढावर मी ट्रकला मागे टाकत होते. मधेच गाडीतली ताकद गेली. पाय पूर्ण दाबलेला होता माझा. गाडी मरगळली, मागून दुसरा ट्रक आला. आम्ही चौघं होतो, डिकीत सामान. बाबा मागच्या सीटवर होते. सगळे म्हणतात मी घाबरले आणि ब्रेक मारला. आईसुद्धा."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी शोधायला सांगतेय ना तुम्हाला."

मागचा पत्रा दुसरीकडे बदलून घेतलाय, इंजिनाला कुणी हात लावलेला नाही. सात महिने गाडी कापडाखाली उभी होती. मी नेहमीसारखा गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडला, बिघाडाचा जुना एक कोड दिसला, तो पुसून टाकला. आमची पद्धतच ती. आधी पाटी कोरी करायची, मग चालवून बघायचं परत काय उमटतं.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

बाईंचा फोन आला. विचारत होत्या, "गाडीचा कॉम्प्युटर म्हणे बिघाडाच्या क्षणाचं टिपण ठेवतो. वेग किती, पेडल किती दाबलेलं, सगळं. खरंय का?"

खरंय. कोडच्या पोटातच असतं ते. पाय किती टक्के खाली होता हे त्यात आकड्यात लिहिलेलं असतं. आणि ते मी काल एका बोटानं पुसलं. बघितलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, "बघतो." बाई म्हणाल्या, "उपकार होतील." फोन ठेवला आणि मी पाना भिंतीवर फेकून मारला. तीस वर्षं हेच काम करतोय आणि अक्कल अशी! आता एकच वाट उरली, खरा बिघाड शोधून काढायचा. तो सापडला की आकडा नसला तरी चालेल.

गाडीचं कार्ड काढलं. शेवटचं काम आमच्याकडेच झालंय. दादाच्या अक्षरात: "हवेची खालची नळी तडकली, बदलणे. १३ फेब्रुवारी." खाली माझ्या अक्षरात: "गाडी दिली, १७ फेब्रुवारी."

तेरा फेब्रुवारी. कार्ड परत ठेवून दिलं. त्या दिवसाचं मला अँब्युलन्सपासून पुढचंच आठवतं.

किल्लीला काकांची पितळी साखळी अजून तशीच आहे. फेब्रुवारीत हॉस्पिटलनं दादाच्या वस्तू परत दिल्या, त्यात घड्याळ, चष्मा आणि ही किल्ली होती. वहिनीनं "ही ह्यांच्या पँटच्या खिशात होती, कुणाची तरी असेल" म्हणून माझ्या हातात ठेवली होती. मी लगेच गाडी पोचती केली. तेवढं एक काम तरी त्या आठवड्यात वेळेवर झालं.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

काही नाही. डिझेलचा फिल्टर बदलला, दाब मोजणारा सेन्सर दुसरा लावून बघितला, टर्बोचा पंखा हातानं फिरवला. टर्बो म्हणजे इंजिनात जोरानं हवा कोंबणारा पंखा. हवा कमी पडली की ताकद गेली. आणि नव्या गाड्या जिवाला भारी जपतात. जरा गडबड दिसली की स्वतःच हात आखडता घेतात, मग पेडलवर उभे राहा, ढिम्म हलणार नाहीत. बंद करून पुन्हा चालू केली की साळसूद. जुनी गाडी बिघडली की ओरडायची तरी. ही मुकी.

तीन वेळा चढापर्यंत जाऊन आलो. वाऱ्यासारखी पळते रांड.

दुपारी शटर अर्धं ओढून पडलो होतो. किल्ल्यांचा आवाज आला. दादा चालताना खिशात किल्ल्या वाजायच्या, तसाच. उठून कोटाचे खिसे चाचपले. रिकामे. वारा असेल. कोट हलत नव्हता, पण वारा असेल.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

आज हवेची गळती तपासली. नळ्यांत धूर सोडायचा, कुठून बाहेर येतो ते बघायचं. कुठूनच नाही आला. हात टेकले.

नळी उघडी ठेवून नटांचा डबा शोधायला गेलो आणि सवयीनं तिच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबला. आत नट पडू नये, उंदीर शिरू नये म्हणून. दादाचा ह्या बाबतीत कायदा होता. बोळा आत गेला की त्या गाडीची किल्ली दादाच्या खिशात. बोळा बाहेर काढून त्याला दाखवला की किल्ली हातात. मधे देव जरी आला तरी गाडी चालू होणार नाही. मी चिडायचो. "दादा, मी काय दुधपिता आहे का?" तो हसायचा आणि खिसा वाजवून दाखवायचा.

आज किल्ली माझ्याच खिशात ठेवली. स्वतःच स्वतःला बोळा दाखवला. वेड लागायचं लक्षण आहे हे.

बाई शाळा सुटल्यावर येऊन गेल्या. टिपणाचं विचारलं. मी म्हटलं, "अजून निघालं नाही." त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. परीक्षेत कुणी खोटं लिहिलं की बाईंना कळत असणारच. म्हणाल्या, "गेल्या रविवारी मी एकटीच त्या चढावर गेले होते. पाय पूर्ण दाबून. काही झालं नाही. मग घरी येऊन आईला सांगून टाकलं, हो, मीच ब्रेक मारला."

"मारला होता?"

"मला आता आठवत नाही हो. सात महिने सगळे एकच सांगतात. मलाही तसंच दिसायला लागलंय. पाय उचललेला दिसतो."

मग गाडी माझ्याकडे कशाला आणली, असं विचारावंसं वाटलं. नाही विचारलं. माझ्याकडे आणली म्हणजे अजून कुठेतरी तिचा स्वतःवर विश्वास आहे, चिमूटभर.

सोमवार, ११ नोव्हेंबर

रविवारभर एकच विचार. त्या दिवशी गाडीत काय होतं जे माझ्याबरोबर नव्हतं? माणसं! चौघं आणि सामान. बाई रविवारी एकट्या गेल्या, मीही एकटाच जातोय. ओझं नसेल तर इंजिनाला पुरी हवा लागतच नाही. आणि काका गावातल्या गावात चाळीसच्या वर कधी गेले नाहीत.

भंगारातले दोन गिअरबॉक्स उचलले. एक डिकीत, एक मागच्या सीटवर. गाडी चालू केली तर काट्यांच्या मधे दिवा लागला आणि टिंग टिंग सुरू. मागच्या माणसानं पट्टा लावलेला नाही.

मागे वळून बघायला मला अर्धं मिनिट लागलं. गिअरबॉक्स काकांच्या जागेवर बसला होता. सीटला वजन कळतं, माणूस का लोखंड हे कळत नाही, एवढंच. मी उतरलो, मागचं दार उघडलं आणि लोखंडाला पट्टा लावला. नीट, खटका वाजेपर्यंत. "बसा काका," म्हटलं. का म्हटलं माहीत नाही.

चढाच्या दुसऱ्या वळणावर पाय पूर्ण दाबला. गाडी उसळली, मोजून पाच सेकंद, आणि मग कुणीतरी मागून शेपूट धरावं तशी थिजली. पाय जमिनीला टेकलेला. स्कॅनर सांगतोय पेडल शंभर टक्के. वेग सत्तर, पंचावन्न, अडतीस. मागून एक टेम्पो केवढ्यानं ओरडला! मी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसलो. किल्ली पुन्हा फिरवायचं धाडस होईना. मला, तीस वर्षं गाड्या हाकणाऱ्याला. त्या बाईचं काय झालं असेल?

ती घाबरली नव्हती. गाडीनं दगा दिला. घरी येताना मी चक्क शीळ वाजवत होतो.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

सकाळी खालची नळी सोडली. तिला आवळून धरणारा पट्टा कुण्या मूर्खानं स्क्रू खाली करून बसवलाय, पान्याला जागाच नाही. जमिनीवर आडवं पडून, मान मोडून काढावा लागला. पुढच्याचा विचारच नाही लोकांना.

नळी निघाली. आत हवा गार करणारी जाळी असते, तिच्या तोंडाशी काहीतरी काळं चिकटलेलं. आकड्यानं ओढलं. फडकं. तेलानं माखलेलं, दाबून दाबून चपटं झालेलं. साधं चालवताना आत कोपऱ्यात पडून राहायचं, आणि पूर्ण जोरानं हवा सुटली की उडून तोंडावर बसायचं. गाडी बंद केली की पुन्हा कोपऱ्यात. म्हणून तर धूर सोडून काही कळलं नाही.

रॉकेलमध्ये धुतलं. निळ्या रेघा निघाल्या. आमच्या घरची चादर. वहिनीच फाडून देते गॅरेजला.

दादा.

दादा बोळा विसरला. ज्यानं कायदा केला, तोच. त्या दिवशी त्याच्या छातीत दुखत असणार, लक्ष उडालं असणार. कोणी म्हणेल चूक माणसाकडूनच होते. पण ह्या चुकीनं काका गेले. गावात दादाचं नाव काय आहे, आणि उद्या काय होईल? मेलेला माणूस स्वतःची बाजू सांगायला येत नाही.

दुपारी किल्ल्या वाजल्या. मी शटरकडे पाठ करून ओरडलो, "कळलं! कुणाला सांगणार नाही, झालं?" आवाज थांबला नाही. उलट वाढला.

बुधवार, १३ नोव्हेंबर

बाईंना खोटं सांगितलं. "दाबाचा सेन्सर अधूनमधून दगा देत होता. बदलला. गाडीचीच चूक, तुमची नाही."

मला वाटलं रडतील, नाहीतर हात जोडतील. त्या म्हणाल्या, "जुना सेन्सर द्या. आईला दाखवते."

मी कपाटातून एक जुना काढून दिला. दुसऱ्याच गाडीचा. त्यांनी तो रुमालात गुंडाळला. मग दारात थांबून म्हणाल्या, "टिपण?"

"पुसलं गेलं. माझ्याच हातानं, पहिल्या दिवशी. चुकून." एवढं तरी खरं बोललो.

"मग हा सेन्सर खराब होता हे कुणाला कसं कळणार?"

त्या पायऱ्या उतरून गेल्या. दादाचं नाव राखलं मी. मग जेवण का जात नाही?

गुरुवार, १४ नोव्हेंबर

धुतलेलं फडकं मी तारेवर वाळत टाकलं होतं. टाकून द्यायला हात होईना. वहिनी डबा घेऊन आली आणि तिनं ते ओळखलं. "हे इतकं का कुस्करलंय?"

माझ्यानं राहवलं नाही. सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "दादाकडून राहिलं, वहिनी. पण बाहेर कुणाला कळणार नाही."

वहिनी कधी आवाज चढवत नाही. आज चढवला. "ह्यांच्याकडून? भावजी, तुम्हाला झालंय काय? ह्यांचा डावा हात सकाळपासून वर जात नव्हता. ह्यांनी कार्ड लिहिलं आणि खुर्चीत बसले. मी डबा घेऊन आले तेव्हा तुम्ही गाडीखाली होतात. जुनी नळी तुम्ही काढली होती, नवी यायची होती. तुमचे पाय बाहेर दिसत होते! आणि बोळा आत होता म्हणूनच तर किल्ली ह्यांच्या..."

बोलता बोलता ती थांबली.

डबा तिच्या हातातच होता. दोघांनाही तो खाली ठेवायचं सुचेना.

बोळा आत, किल्ली दादाच्या खिशात. मरतानासुद्धा त्यानं किल्ली सोडली नव्हती. गाडी चालू करू नका, हेच सांगत होती ती किल्ली. आणि आम्ही दोघांनी ती घड्याळ-चष्म्यासारखी एक वस्तू समजून हातोहात दिली. सतरा तारखेला काकांचा फोन आला, गाडी आजच्या आज हवी. मी नवी नळी चढवली. आत बघितलं नाही. पट्टा आवळला. स्क्रू खाली करून. दादा स्क्रू कायम वर ठेवायचा, पुढच्याला सोपं जावं म्हणून. मूर्ख मीच होतो.

खरं लिहितो. मला आत्ता आठवलं असं नाही. मंगळवारी आडवा पडून तो स्क्रू सोडवताना माझ्या बोटांना माहीत होतं. मी बोटांना गप्प बसवलं.

वहिनी दादाच्या खुर्चीत जाऊन बसली. मग म्हणाली, "मीच दिली ना तुम्हाला ती."

"वहिनी, कायदा मला माहीत होता. तुम्हाला नव्हता."

"होता की. रोज जेवताना ऐकत होते."

शनिवार, १६ नोव्हेंबर

सकाळी त्यांच्या घरी गेलो. एकटाच. वहिनी येते म्हणत होती, मी नको म्हटलं.

बाईंनी दार उघडलं. आत त्यांच्या आई खिडकीशी भाजी निवडत होत्या. टेबलावर तो खोटा सेन्सर रुमालावर ठेवलेला. मी आधी तो उचलून खिशात घातला. म्हटलं, "हा तुमच्या गाडीचा नाही. मी खोटं बोललो."

मग उभ्याउभ्याच सांगितलं. बोळा, किल्ली, दादा, सतरा तारीख. कुठे थांबलो तर पुढे बोलता येणार नाही, म्हणून थांबलोच नाही. शेवटी कागद दिला. काय सापडलं, कुठे सापडलं, कुणाच्या हातचं काम, खाली माझी सही. "पोलिसांना द्या, कुणालाही द्या. दादाचा ह्यात काही संबंध नाही."

बाईंनी कागद दोनदा वाचला.

आईंचा हात भाजीतच थांबला होता. त्यांनी मला विचारलं, "म्हणजे हिचा पाय खाली होता?"

इथे मला हो म्हणता आलं असतं. किती सोपं होतं! "ते मी नाही सांगू शकत, आई. त्याचा पुरावा माझ्याच हातानं पुसला गेला. गाडीतली ताकद गेली, एवढं छातीवर हात ठेवून सांगतो. पायाचं हिलाच विचारा."

सात महिन्यांत त्यांनी हा प्रश्न कितीदा विचारला असेल देव जाणे. पण आज त्यांनी मुलीकडे तोंड करून विचारला. "होता?"

"होता," बाई म्हणाल्या. मागच्या बाकापर्यंत जाईल असा आवाज.

"मग मला का सांगितलंस, ब्रेक मारला म्हणून?"

"तू विचारायचं थांबावंस म्हणून, आई."

मी निघालो. माफी मागायला गेलो होतो, पण ते तिथं मागण्यासारखं नव्हतं. बाई दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "तुम्हाला माफ केलं असं मी म्हणणार नाही."

"नका म्हणू."

फाटकाशी पोचलो तर मागून चपलांचा आवाज. आई येत होत्या, भाजीची सुरी हातात तशीच. मला वाटलं, आता काय ते होऊ दे. त्या जवळ येऊन दम खात उभ्या राहिल्या.

"तुझा भाऊ तेराला गेला?"

"हो."

"आणि सतराला गाडी दिलीस. चारच दिवसांनी."

"काकांचा फोन आला होता."

"ह्यांना तुमच्याकडचं कळलं होतं. हे नकोच म्हणत होते. म्हणत होते, अशा वेळी माणसाला गाडीसाठी फोन करायचा नसतो." त्यांनी फाटकाचा गज धरला. "मला गावातच बहिणीकडे जायचं होतं. मी फोन लावून ह्यांच्या हातात दिला."

मीही शेजारचा गज धरला. मग आतून बाईंनी हाक मारली, "आई, ऊन लागेल, आत ये." आई म्हणाल्या, "तिला नको सांगूस हे." आणि लगेच मान हलवली. "नाही. मीच सांगते." त्या आत गेल्या, आणि दार लागेपर्यंत मी तिथंच होतो.